श्वास बघायचा म्हणजे काय बघायचं?

इंदूरहून बैतूल रस्त्याने कन्नौदला निघालेला मोटरसायकलवाला चापड्यापर्यंतचा प्रवास बारकाईने सांगतो. कुठे ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी आली, कुठे खड्डा चुकवला, कुठे चहा घेतला. पुढचा रस्ता मात्र कोरा. गाडी त्यानेच चालवली, ब्रेक त्यानेच दाबले, समोरून आलेल्या ट्रकला वाट त्यानेच दिली. पण मधलं कुठलं गाव कधी मागे पडलं ते आठवत नाही. त्या वेळात तो मनाने मंडीत उभा होता आणि सोयाबीनच्या भावावरून अडत्याशी हुज्जत घालत होता. अडत्या तिथे नव्हता, हुज्जत झालेलीच नव्हती. राग मात्र खरा होता. घरी पोचला तेव्हाही त्याच्या कपाळावर आठी होती.

हे रस्त्यावरच होतं असं नाही. पाठ सरळ ठेवून बसा, डोळे मिटा आणि नाकातून आत-बाहेर होणारे दहा श्वास ओळीने जाणून घ्या. मोजणी दहापर्यंत जाईलही, कारण मोजणीसुद्धा सवयीने चालू राहते. पण दहाच्या दहा श्वास जाणवले का? बहुतेकांचं मन चार-पाच श्वासांतच उठून जातं. गेलं कधी ते कळत नाही, गेलं होतं एवढंच नंतर कळतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० साली सव्वादोन हजार लोकांना दिवसात अवेळी मोबाइलवर विचारलं, ‘आत्ता हातातल्या कामातच मन आहे का?’ जवळपास ४७ टक्के वेळा उत्तर ‘नाही’ असं आलं. मन दुसरीकडे असताना लोक कमी सुखी होते, हेही त्यांना आढळलं.

जे आपण जन्मापासून अखंड करत आलो, ते दहा वेळा नुसतं पाहणं इतकं अवघड का? आणि जमलं, तर त्याचा उपयोग काय? बुद्धाने याच कामावर एक साधनापद्धती उभी केली. तिचे दोन भाग आहेत. श्वासाकडे लक्ष देणं म्हणजे आनापान, आणि त्या सरावलेल्या लक्षाने स्वतःचं शरीर व मन जसं आहे तसं पाहणं म्हणजे विपश्यना.

## श्वासच का?

मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे एकवीस हजार सहाशे होतात. योगग्रंथांनी हाच आकडा सांगितला आहे. त्यातला जवळपास एकही श्वास आपण ठरवून घेत नाही. मान जिथे डोक्याला मिळते तिथे, मेंदूच्या देठात, चेतापेशींचा एक लहानसा पुंजका श्वासाचा ताल धरतो. १९९१ साली शास्त्रज्ञांनी त्याची जागा नेमकी दाखवली. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की रक्ताची आम्लता किंचित वाढते, देठाजवळच्या पेशींना ती कळते आणि पुढचा श्वास घेतला जातो. श्वास रोखून धरल्यावर जी तगमग होते, तीही मुख्यतः या साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. प्राणवायू तेवढ्यात संपलेला नसतो.

पण श्वासाचा ताबा आपल्याकडेही आहे. बोलताना, गाताना, विहिरीत सूर मारताना मेंदूचा वरचा, विचार करणारा भाग हा ताल बाजूला सारून श्वास हवा तसा वळवतो. हृदयाचे ठोके किंवा पोटातलं पचन असं हुकमाने वळवता येत नाही. शरीराची जी कामं आपोआप चालतात आणि जी आपण मुद्दाम करतो, त्या दोहोंच्या सीमेवर श्वास आहे. त्याच्याकडे पाहताना ‘करणं’ आणि ‘होऊ देणं’ यांतला फरक हाताशी लागतो.

श्वासाचा भावनांशीही थेट संबंध आहे. राग आला की तो जोरात चालतो, भीतीने वरच्या वर होतो, सुटकेचा निःश्वास लांब असतो. श्वास बाहेर जाताना मेंदूपासून पोटापर्यंत पोचणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतामार्गाचा प्रभाव वाढतो आणि हृदयाची गती जराशी उतरते. आत घेताना ती पुन्हा चढते. म्हणून मनात काही ढवळलं की त्याची खूण श्वासात लवकर दिसते.

आणखी एक व्यवहाराची सोय. श्वासाला जात नाही, धर्म नाही, मूर्ती नाही, मंत्र नाही. तो बरोबर घ्यायला विसरला असंही होत नाही.

## नाकाखालची वेस

आनापानात श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजून सोडायचा नाही. प्राणायाम केलेल्यांना नेमकं हेच जड जातं. प्राणायामात श्वासाला वळण लावायचं असतं. इथे तो लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, एवढं जाणायचं असतं. आनापानसती सुत्तात बुद्धाने याच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या चार शरीराच्या, पुढच्या चार सुखदुःखाच्या जाणिवांच्या, त्यापुढच्या चार चित्ताच्या आणि शेवटच्या चार अनित्यता पाहण्याच्या. लांब श्वास आणि आखूड श्वास ही अगदी सुरुवात.

लक्ष कुठे ठेवायचं? म्यानमारहून आलेल्या आणि भारतात सर्वांत जास्त पसरलेल्या सत्यनारायण गोयंका गुरुजींच्या पद्धतीत नाकपुड्यांचं तोंड आणि वरच्या ओठाच्या वरची लहानशी जागा धरतात. म्यानमारच्याच महासी सयाडो यांच्या परंपरेत पोटाचं वर-खाली होणं धरतात. नाकाखालची जागा निवडण्यात शहाणपण आहे. ओठ आणि त्याभोवतीची त्वचा स्पर्शाला फार जागरूक असते. मेंदूच्या स्पर्शाच्या नकाशात अख्ख्या पाठीपेक्षा ओठांना जास्त जागा मिळालेली आहे. बाहेर येणारा श्वास शरीराची ऊब घेऊन सुमारे ३४ अंशांचा झालेला असतो. म्हणून थंडीत आत येणारी हवा गार आणि बाहेर जाणारी कोमट लागते. कन्नौदच्या मे महिन्यातल्या दुपारी, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, हेच उलटं होतं. आत येणारी हवा तापलेली आणि बाहेर जाणारी त्या मानाने सौम्य. पुस्तकात ‘आत गार, बाहेर गरम’ असं वाचून बसलेला साधक इथे गोंधळतो, आणि ‘जसं आहे तसं’ या सूचनेचा अर्थ त्याला पहिल्यांदा नीट कळतो.

पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषाने या कामाला वेशीवरच्या रखवालदाराची उपमा दिली आहे. गावात कोण काय करतं, गावाबाहेर कोण कुठे निघालं, याची चौकशी रखवालदार करत बसत नाही. वेशीत जो येईल त्याला तो पाहतो आणि आपली जागा सोडून कुणाच्या मागे जात नाही. साधकानेही हवेच्या मागे फुप्फुसापर्यंत जायचं नाही आणि बाहेर गेलेल्या श्वासाचा माग काढायचा नाही. स्पर्श होतो तिथे उभं राहायचं.

## मन निसटतं तेव्हाच काम सुरू होतं

नवा साधक इथेच निराश होतो. ‘माझं मन फार चंचल आहे, मला हे जमणार नाही’ म्हणून उठतो. पण मनाचं निसटणं हा या सरावातला बिघाड नाही, तो सरावाचा भाग आहे.

वेंडी हासेनकॅम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अनुभवी ध्यान करणाऱ्यांचे मेंदू एमआरआय यंत्रात तपासले. श्वास पाहताना मन भटकलं होतं असं लक्षात आलं की बटण दाबायचं, एवढीच सूचना होती. त्यातून चार टप्प्यांचं चक्र दिसलं. मन भटकतं, भटकल्याचं कळतं, लक्ष परत वळवलं जातं, मग ते श्वासावर टिकतं. काही वेळाने पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक टप्प्यात मेंदूचे वेगवेगळे भाग पुढे होतात. भटकताना जागा होतो तो ‘माझं’, ‘मागचं’, ‘पुढचं’ यांत रमणारा भागांचा गट. हातात काम नसलं की मेंदू या गटाकडे वळतो, हे मार्कस राइकल यांच्या गटाने २००१ साली मांडलं होतं. भटकल्याचं कळतं त्या क्षणी दुसरा गट जागा होतो, महत्त्वाचं काय ते टिपणारा.

दुसरा टप्पा आपण मुद्दाम घडवून आणू शकत नाही. मन भटकलेलं असताना ‘आता कळू दे’ असं ठरवणारा तिथे हजरच नसतो. आपल्या हातात असतो तिसरा टप्पा, म्हणजे चिडचिड न करता परत वळणं. हे परतणं जितकं सहज होतं, तितकं पुढच्या वेळी निसटणं लवकर ध्यानात येऊ लागतं. स्वतःवर चिडणारा साधक एका भटकंतीतून दुसरीत शिरतो. म्हणून या साधनेच्या शिबिरात ‘मन भटकलं तर भटकलं, हसून परत आणा’ असं पुन्हा पुन्हा सांगतात.

बसून थोडा वेळ झाला की श्वास बारीक होत जातो. स्थिर शरीराला प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे श्वासही हलका पुरतो. काहींना तो थांबलाच असं वाटून भीती वाटते. तो थांबत नाही. मेंदूच्या देठातलं काम चालूच असतं. तो जाणवण्याइतकं लक्ष अजून तीक्ष्ण झालेलं नसतं. अशा वेळी चार-दोन श्वास जरा जोराने घ्यायचे आणि मग त्यांना पुन्हा त्यांच्या चालीवर सोडायचं.

## माळव्याच्या काळ्या मातीतला भाष्यकार

एवढ्यावर थांबलं तर आनापान म्हणजे एकाग्रतेचा चांगला व्यायाम. बुद्धाला त्याने पुढचं काम साधायचं होतं, आणि ते काय, हे सर्वांत मुद्देसूद सांगणारा माणूस कन्नौद-उज्जैनच्या याच माळव्यातला होता.

नर्मदेच्या उत्तरेचा हा प्रदेश बुद्धाच्या काळी अवंती म्हणून ओळखला जाई. उज्जैन ही तिची राजधानी, चंड प्रद्योत राजा. परंपरेनुसार त्याच्या पुरोहिताचा मुलगा महाकात्यायन बुद्धाला उज्जैनला आणण्यासाठी गेला आणि भिक्खू होऊन परतला. बुद्धाचं थोडक्यातलं बोलणं उलगडून सांगण्यात हा शिष्य पहिला, असं त्रिपिटकात म्हटलं आहे.

विनयपिटकात त्याची एक गोष्ट आहे. त्याचा शिष्य सोण कुटिकण्ण याला भिक्खू व्हायचं होतं. दीक्षेला दहा भिक्खू लागत, आणि अवंतीत दहा भिक्खू जमवायला तीन वर्षं गेली. पुढे सोण बुद्धाच्या भेटीला श्रावस्तीला निघाला तेव्हा महाकात्यायनाने त्याच्याबरोबर काही मागण्या पाठवल्या. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत, दीक्षेचा नियम सैल करा. इथली जमीन वरून काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, जाड तळाची पादत्राणं चालू द्या. इथले लोक वरचेवर आंघोळ करतात, तीही मोकळीक द्या. बुद्धाने मागण्या मान्य केल्या. पावसाळ्यानंतर माळव्याच्या काळ्या रानात वाळलेल्या खुरांच्या खड्ड्यांतून जो अनवाणी चालला आहे, त्याला दुसऱ्या मागणीचं कारण सांगावं लागणार नाही.

हाच महाकात्यायन मधुपिंडिक सुत्तात मन कसं वाहवत जातं ते टप्प्याटप्प्याने सांगतो. डोळा आणि दिसणारी वस्तू यांची गाठ पडते. तिथून वेदना उपजते. इथे वेदना म्हणजे दुखणं नव्हे. सुखद, दुःखद किंवा यांतलं काहीच नाही, अशी कुठलीही जाणीव. मग तिची ओळख पटते, नाव मिळतं. ज्याला नाव मिळालं त्याचा विचार सुरू होतो. विचाराला फाटे फुटतात. शेवटी तो पसारा भूत, भविष्य आणि वर्तमान व्यापून माणसावरच चालून येतो. पालीत या पसाऱ्याला पपंच म्हणतात.

या क्रमात जाणीव होईपर्यंत सगळं आपोआप घडतं. कान असला की शब्द ऐकू येणार, शब्द लागट असला की छातीत काहीतरी होणार. ते टाळता येत नाही. त्यापुढचे टप्पे मात्र सवयीचे आहेत, आणि सवय मोडता येते. अडचण एवढीच की सगळा क्रम क्षणार्धात उरकतो आणि आपल्याला जाग येते ती पपंचात. जाणिवेच्या टप्प्यावर जागं राहता येईल का? आनापानाने लक्षाला धार लावायची ती यासाठी.

महाकात्यायनाच्या या मुलखात, बुद्धानंतर हजारएक वर्षांनी, पाचव्या-सहाव्या शतकांत, धार जिल्ह्यातल्या बाघ इथे भिक्खूंसाठी डोंगरात विहार कोरले गेले. मधे मोठा मंडप आणि त्याच्या बाजूंनी एकेकाला पुरतील अशा खोल्या, अशी त्यांची रचना आहे. तिथे सापडलेल्या महाराज सुबंधूच्या ताम्रपटात विहाराला दान दिल्याची नोंद आहे. पाहुणे येतात ते तिथल्या चित्रांसाठी. ती बरीचशी आता ग्वाल्हेरच्या संग्रहालयात आहेत. काळोख्या खोल्या जागेवरच आहेत.

## चौथ्या दिवशी काय बदलतं?

गोयंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास असतो. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात. लक्ष नाकाखालून उचलून टाळूवर न्यायचं आणि तिथून पायाच्या बोटांपर्यंत एकेक भाग पाहत उतरायचं. जिथे जे जाणवेल ते जाणायचं. ऊब, गारवा, मुंग्या, ठणका, खाज, धडधड, कपड्याचा स्पर्श, काहीही. चांगलं शोधायचं नाही, वाईट हटवायचं नाही.

अंगावर सदरा आहे हे सकाळपासून कुणाला जाणवत नाही, कारण स्पर्शाच्या चेता बदलाची बातमी देतात; तोच स्पर्श चालू राहिला की त्या गप्प होतात आणि मेंदूही दुर्लक्ष करतो. लक्ष मुद्दाम तिथे नेलं की गाळलेलं पुन्हा कळू लागतं. तळहाताकडे नुसतं लक्ष लावून बसलं तरी मिनिटभरात झिणझिण्या किंवा ऊब जाणवते. त्यांत गूढ काही नाही, आणि त्या ‘यायलाच हव्यात’ असंही नाही.

खरी परीक्षा खाजेची. गालाला खाज सुटते आणि हात उठू लागतो. साधकाने तो उठू द्यायचा नाही आणि खाजेलाही दडपायचं नाही. पाहत राहायचं. खाज वाढते, असह्य वाटते, जागा बदलते, कमी होते, बहुधा जाते. आयुष्यभर आपण तिला कधी पूर्ण होऊच दिलेलं नसतं. मधेच खाजवतो, लगेच बरं वाटतं, आणि ‘खाज आली की खाजवायचं’ हा धडा मेंदूत आणखी पक्का होतो. अपशब्दाला अपशब्दाने उत्तर देणं, कंटाळा आला की मोबाइल उचलणं, ताण आला की तंबाखू मळणं, या सगळ्यांचा सांधा हाच आहे. अस्वस्थता, झटपट कृती, क्षणभर सुटका, आणि पुढच्या वेळी अधिक घट्ट सवय. कृती झाली नाही तर सुटकेचं बक्षीस मिळत नाही आणि सांधा सैल होऊ लागतो. भीतीवरच्या आधुनिक उपचारांत रुग्णाला भीतीच्या गोष्टीसमोर थोडं थोडं थांबवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

म्हणूनच चौथ्या दिवसापासून रोज तीनदा तासभर न हलता बसण्याचा निश्चय असतो. त्याला अधिष्ठान म्हणतात. गुडघे ठणकतात. त्या ठणक्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, गुडघ्यातली जाणीव आणि ‘हे कधी संपणार’ हा वैताग. पाहता पाहता त्या वेगळ्या दिसू लागतात. २०१० साली रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दीर्घकाळ ध्यान केलेल्यांच्या त्वचेला चटका देऊन हे तपासलं. जे येईल ते खुलेपणाने पाहण्याच्या ध्यानात चटक्याची तीव्रता त्यांनी इतरांइतकीच सांगितली, पण त्याचा त्रास कमी वाटला असं सांगितलं. बुद्धाने अनित्य म्हटलं ते इथे ऐकीव राहत नाही. ठणका वाढला, बदलला, ओसरला, हे साधकाने स्वतः पाहिलेलं असतं.

## मंडालेचा व्यापारी आणि इगतपुरीची टेकडी

भारतातून बौद्ध संघ ओसरला तशी ही पद्धतही इथून गेली. म्यानमारमध्ये लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूने ती गृहस्थांनाही खुली केली. त्यांच्या परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. कचेरी सांभाळून त्यांनी १९५२ साली रंगूनमध्ये साधना केंद्र काढलं.

मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योगपती सत्यनारायण गोयंका १९५५ साली त्यांच्याकडे आले. अर्धशिशीने ते इतके बेजार होते की मॉर्फिन घ्यावं लागे. डोकेदुखी घालवण्यासाठी यायचं असेल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी त्यांना आधी सांगितलं. मन निर्मळ करणं हा हेतू हवा. आजार गेला तर तो वरचा फायदा. विपश्यना हा रामबाण इलाज समजून धावणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

चौदा वर्षं साधना करून गोयंका १९६९ साली भारतात आले आणि जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत मोजक्या लोकांसाठी पहिलं शिबिर घेतलं. १९७६ साली इगतपुरीला कसारा घाटाच्या माथ्यावर ‘धम्मगिरी’ सुरू झालं. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात किरण बेदी महानिरीक्षक असताना हजाराहून अधिक कैदी एकाच शिबिरात बसले. मुंबईत गोराईजवळ ८००० माणसं एकत्र बसू शकतील असा, मधे एकही खांब नसलेला पॅगोडा २००९ साली खुला झाला. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘मित्र उपक्रम’ म्हणून मुलांना रोज काही मिनिटं आनापान करायला लावतात. गोयंका २०१३ साली वारले. शिबिरांत अजूनही त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना आणि प्रवचनं असतात.

मराठी समाजात या विषयाला आणखी एक बाजू आहे. कन्नौदहून फार दूर नसलेल्या महूला जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या मांडणीत धम्म म्हणजे आधी माणसामाणसांतलं न्याय्य नातं. त्यामुळे आंबेडकरी चळवळीत काही जण विचारतात, डोळे मिटून स्वतःत पाहणारा माणूस अन्यायाकडेही डोळे मिटणार नाही ना? इतरांना वाटतं, शांत मनाने लढाई अधिक नीट लढता येते. हा प्रश्न साधनेपुढे राहायलाच हवा; ‘प्रतिक्रिया देऊ नका’ याचा अर्थ ‘सहन करा’ असा घेतला जाण्याचा धोका खरा आहे. आंधळी प्रतिक्रिया थांबली की विचारपूर्वक कृती करायला जागा होते, हा तिचा मूळ अर्थ.

## प्रयोगशाळेत काय सापडलं?

ध्यानाने मेंदूच बदलतो, असं सर्रास छापून येतं. जरा सावकाश घ्यावं. अनुभवी साधकांच्या मेंदूचे काही भाग जाड असल्याचं २००५ साली दिसलं होतं. पण तो अभ्यास लहान होता, आणि हे लोक आधीपासूनच वेगळे होते का, हे त्यावरून कळत नव्हतं. २०२२ साली आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर अधिक काटेकोर मोजमाप झालं, तेव्हा मेंदूच्या रचनेत फरक आढळला नाही.

परिणामांचं चित्र अधिक स्पष्ट आहे. २०१४ साली ४७ चाचण्यांचा, सुमारे ३५०० लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाने थोडा ते मध्यम आराम पडतो, असं त्यात दिसलं. व्यायाम किंवा औषधं यांसारख्या उपायांहून ध्यान सरस आहे, असा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणजे हा चमत्कार नव्हे, आणि थोतांडही नव्हे.

थोडक्यात

- श्वास आपोआप चालतो आणि हुकमानेही वळतो, शिवाय भावनांबरोबर बदलतो. म्हणून निरीक्षणाला तो सोयीचा.
- आनापानात श्वास बदलायचा नाही, नाकपुड्यांपाशी जाणायचा. मन निसटणार, ते कळल्यावर न चिडता परतणं हाच सराव.
- विपश्यनेत तेच लक्ष शरीरभरच्या जाणिवांवर फिरवायचं, आणि त्यांना हवं-नकोचं उत्तर न देता त्यांचं बदलणं पाहायचं.
- जाणीव टाळता येत नाही, तिच्यामागून येणारी सवयीची प्रतिक्रिया टाळता येते.

## कुणी जपून, आणि सुरुवात कशी?

ध्यान सगळ्यांना, सगळ्या वेळी सोसतं असं नाही. खुद्द त्रिपिटकात वैशालीची एक दुःखद नोंद आहे. शरीराच्या अशुभतेवर ध्यान करणाऱ्या काही भिक्खूंना जगण्याचीच किळस आली आणि त्यांनी जीव दिला. तेव्हा बुद्धाने उरलेल्यांना बोलावून आनापानसती शिकवली. साधना माणसाला झेपेल अशी असावी, हे तेव्हाही कळलेलं होतं. आजच्या संशोधकांनीही दीर्घ शिबिरांत काहींना तीव्र भीती, झोप उडणं, वास्तवाचं भान सुटणं असे अनुभव आल्याच्या नोंदी केल्या आहेत. ज्यांना स्किझोफ्रेनिया, बायपोलर विकार किंवा तीव्र नैराश्य आहे किंवा होऊन गेलं आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौनात उतरू नये. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधांची माहिती विचारतात. ती लपवू नये.

इतरांनी घरीच सुरुवात करायला हरकत नाही. पहाटे किंवा झोपण्याआधी दहा मिनिटं पुरतात. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालते. पाठ सरळ हवी. आनापान एवढंच घरी करावं. विपश्यना मात्र शिबिरात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली शिकावी. कन्नौद-खातेगावकडच्या लोकांना इंदूरचं ‘धम्म मालवा’ केंद्र त्यातल्या त्यात जवळचं. पहाटे चारला घंटा होते, रोज दहा तासांहून अधिक बसायचं असतं, नऊ दिवस आर्य मौन पाळायचं असतं, दहाव्या दिवशी मैत्री भावना शिकवतात आणि मौन सुटतं. शुल्क घेत नाहीत. शिबिर पुरं केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो.

बैठक चांगली झाली की वाईट, याचा हिशेब ठेवू नये. एखाद्या दिवशी मन शांत बसतं, दुसऱ्या दिवशी ठरत नाही. त्यातून प्रगती कळत नाही. ती कळते उठल्यानंतर, घरात आणि व्यवहारात. राग पूर्वीसारखाच येत असेल. पण तो आला आहे हे कळायला आधी संध्याकाळ होत होती आणि आता तोंडून शब्द जाण्याआधी कळत असेल, तर साधना तिचं काम करते आहे.